गोळी निवडताना शिकलेल्या सात गोष्टी

बावधनच्या आमच्या इमारतीमागच्या टेकडीवरून थंडीच्या रात्री अजून कोल्हेकुई ऐकू येते. आधी एकच आवाज उठतो, मग चारी बाजूंनी त्याला साथ मिळते. माझं लहानपण मुळशीतल्या भातखाचरांत गेलं. आता पासष्टी गाठली आहे आणि आठवड्यातले तीन दिवस बालेवाडीच्या शूटिंग रेंजवर पॉइंट टू टू रायफल चालवतो. बंदुकीच्या इतक्या वर्षांच्या सोबतीत जे कळलं, ते नव्या नेमबाजांसाठी लिहितो आहे.

१. काडतूस चुकलं की हाल जनावराचे होतात.

१९७० च्या सुमाराची गोष्ट. आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची बारा बोअरची बंदूक होती. खुराड्याची कडी तुटलेली होती आणि पहाटे कोंबड्यांवर कोल्हा आला. बंदुकीत पाखरांसाठी भरलेलं बारीक छऱ्यांचं काडतूस तसंच होतं. आजोबांनी बार टाकला. कोल्हा कोलमडला, उठला आणि मागचा पाय ओढत करवंदीच्या जाळीत शिरला. आजोबा दुपारपर्यंत रक्ताचे थेंब बघत हिंडले. सापडला तेव्हा तो जिवंत होता. त्याचे हाल संपवून आजोबा घरी आले, पण त्या दिवशी जेवले नाहीत. ‘पाखराचं काडतूस पाखरालाच,’ एवढंच म्हणाले.

२. आधी काम ठरवा, मग गोळी.

आपल्या कोल्ह्याचा अमेरिकेतला भाऊबंद म्हणजे कायोटी. तिथे त्याची शिकार चालते. शिकारी बहुधा पॉइंट टू टू थ्री रायफलीत ५० ते ५५ ग्रेनची, पातळ तांब्याच्या कवचाची गोळी घालतात. ती आत शिरताच फुटते. जनावर जागीच पडावं आणि कातडीला पलीकडून मोठं भोक पडू नये, हा हेतू. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली कोल्ह्याची शिकार बंद आहे, आणि ते योग्यच आहे. आमची पॉइंट टू टूची शिशाची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे साधारण २.६ ग्रॅमची. तिने फुटायचं नसतं. कागदावर पुन्हा पुन्हा त्याच जागी गोल भोक पाडायचं, एवढंच तिचं काम.

३. गोळी रायफलीला विचारून घ्या.

पन्नास मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, शर्टाच्या बटणाएवढं. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन रायफलींना वेगवेगळ्या गोळ्या मानवतात, कारण प्रत्येक नळी थोडी वेगळी असते. मित्राच्या रायफलीतून बटणात बसणारी गोळी माझ्या रायफलीतून रुपयाच्या नाण्याबाहेर जायची. त्याचं ऐकून मी दहा डब्या घेऊन बसलो होतो.

४. डबीवरचा लॉट नंबर वाचा.

डबी तीच, किंमत तीच, तरी लॉट, म्हणजे एका खेपेत बनलेला माल, बदलला की गोळी बदलते. या काडतुसात पेट घेणारं मिश्रण बुडाच्या कडेत बसवलेलं असतं. ते कमीजास्त बसलं की गोळीचा वेग कमीजास्त होतो आणि कागदावर भोकं उभ्या रेषेत पसरतात. म्हणून परदेशातल्या मोठ्या कंपन्या आपल्या चाचणी रेंजवर रायफल शिकंज्यात धरून लॉट पारखू देतात. जमलेला लॉट खेळाडू हंगामाभरासाठी एकदम उचलतात.

५. एका सुंदर ग्रुपवर भाळू नका.

पाच गोळ्या एका भोकात गेल्या की मन हुरळतं. मी दहा-दहा गोळ्यांचे निदान चार ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर झाडलेल्या गोळ्यांच्या भोकांचे पुंजके, घेतो, तेही वेगवेगळ्या दिवशी, आणि वारा, ऊन, लॉट सगळं वहीत उतरवतो. गोळीवर मेणाचा हात असतो. म्हणून ब्रँड बदलला की पहिल्या पंधरा-वीस गोळ्या हिशेबात धरत नाही. नव्या मेणाला नळीत बसायला तेवढा वेळ द्यावा लागतो.

६. महाग गोळी कोपर स्थिर करत नाही.

कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून नेम धरण्याच्या प्रकारात, जगज्जेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये थ्री पोझिशनचं कांस्य आणलं. ही मंडळी गोळी बारकाईने पारखतातच, पण त्याआधी हजारो तास कोरड्या सरावाचे असतात: गोळी न घालता नेम, श्वास, चाप. पालकांना मी हेच सांगतो, पहिली दोन वर्षं पैसे सरावावर घाला.

७. गोळी कुठे थांबेल ते आधी बघा.

पॉइंट टू टूची एवढीशी गोळी दीड किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकते. आमच्या टेकडीपासून तेवढ्या अंतरात शाळा आहेत, घरं आहेत, हमरस्ता आहे. दोन वर्षांपूर्वी सोसायटीच्या बैठकीत एकांनी मला विचारलं, ‘काका, कोल्हे खाली यायला लागलेत. तुमच्याकडे रायफल आहे ना?’ मी हात जोडले. कायदा सांगितला, गोळीचा पल्ला सांगितला आणि सगळ्यांना कचऱ्याच्या पिंपांपाशी घेऊन गेलो. झाकणं नव्हती, उष्टं सांडलेलं होतं. कोल्हा काकडीला राजी, त्याला उंदीर-घुशींबरोबर उष्टंही चालतं. झाकणं बसली आणि महिन्याभरात त्याचं खाली येणं थांबलं. जखमी प्राणी दिसला तर वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आहे, आणि वन्यप्राण्यांवर उपचार करणारी रेस्क्यू संस्था तर इथे बावधनमध्येच आहे.

पिंपांना झाकणं बसवताना आजोबांचं खुराडं आठवत होतं. ती कडी वेळेवर बसवली असती, तर कुठलं काडतूस घालायचं हा प्रश्नच त्या पहाटे आला नसता.