उन्हाळी टोमॅटो व मिरचीसाठी थंडीत निरोगी रोपे कशी तयार करावीत?



उन्हाळी टोमॅटो व मिरचीची लागवड जानेवारीअखेर ते मार्चपर्यंत होते. त्यासाठी लागणारी रोपे मात्र डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत तयार करावी लागतात. निफाडसारख्या भागात या दिवसांत रात्रीचे तापमान १० अंश सेल्सिअसच्याही खाली जाते. अशा वेळी उघड्या वाफ्यावर टाकलेले मिरचीचे बी पंधरा-वीस दिवस मातीतच पडून राहते, काही कुजते आणि उरलेले मागेपुढे उगवते. रोपे कमी पडली की ऐनवेळी मिळतील तिथून रोपे आणली जातात आणि त्या रोपांबरोबर पांढरी माशी व विषाणू रोगही आपल्या शेतात येतात. पुढे खत, पाणी, औषधे यांवर कितीही खर्च केला तरी विषाणूग्रस्त झालेले झाड बरे होत नाही. म्हणून या दोन्ही पिकांचे भवितव्य पहिल्या चार ते सहा आठवड्यांतच ठरते, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

बी उगवेपर्यंत घरातील ऊब आणि उगवल्यानंतर किडीपासून संरक्षण देणाऱ्या जाळीखाली भरपूर ऊन, या दोन गोष्टी सांभाळल्यास थंडीतही उत्तम रोपे तयार होतात. त्याचीच माहिती या लेखात दिली आहे.

बी केव्हा टाकावे?

लागवडीची तारीख आधी ठरवावी व तेथून मागे मोजत यावे. ट्रेमधील टोमॅटोचे रोप थंडीत साधारण ३० दिवसांत, तर मिरचीचे रोप ४० ते ४५ दिवसांत लागवडीस येते. म्हणजे फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात दोन्ही पिके लावायची असतील तर मिरचीचे बी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आणि टोमॅटोचे बी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात टाकावे. दोन्ही बियाणे एकाच दिवशी टाकण्याची चूक बरेच शेतकरी करतात. त्यामुळे टोमॅटोची रोपे ट्रेमध्येच जून होतात.

किती बी व किती ट्रे लागतील?

२० गुंठे टोमॅटोसाठी ९० × ४५ सें.मी. अंतराने सुमारे ५,००० रोपे लागतात. उगवणीतील तूट व नांगे भरण्यासाठी जादा रोपे धरून ९८ कप्प्यांचे ६२ ट्रे भरावेत. टोमॅटोच्या एक ग्रॅम बियाण्यात साधारणपणे ३०० दाणे असतात. त्यामुळे संकरित वाणाचे सुमारे २० ग्रॅम बी पुरते.

२० गुंठे मिरचीसाठी ६० × ४५ सें.मी. अंतराने सुमारे ७,५०० रोपे लागतात. त्यासाठी ९२ ट्रे व ५० ते ६० ग्रॅम बी लागते.

बियाणे खरेदी करताना पाकिटावरील उगवणशक्ती व वापराची अंतिम तारीख पाहावी. प्रमाणित बियाण्यासाठी टोमॅटोची किमान ७० टक्के व मिरचीची किमान ६० टक्के उगवणशक्ती हे मानक आहे. घरचे किंवा सुधारित वाणाचे बी असेल तर १०० दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून उबदार जागी ठेवावेत. टोमॅटोचे दाणे आठव्या दिवशी व मिरचीचे चौदाव्या दिवशी मोजावेत. संकरित बी महाग असल्याने आधी एकच ट्रे भरून पाहावा. खरेदीची पावती, रिकामे पाकीट व थोडे बी हंगाम संपेपर्यंत जपून ठेवावे. तक्रार करण्याची वेळ आल्यास त्याशिवाय काहीही सिद्ध करता येत नाही.

ट्रे व माध्यम

जुने ट्रे वापरायचे असल्यास ते स्वच्छ धुऊन उन्हात वाळवावेत. मागील हंगामातील मुळांचे अवशेष कप्प्यांत राहिल्यास रोग तेथूनच सुरू होतो. ट्रे भरण्यासाठी चांगले कुजलेले, क्षार धुऊन काढलेले कोकोपीट वापरावे. ९८ कप्प्यांच्या एका ट्रेला सुमारे १.२ किलो कोकोपीट लागते. त्यात प्रति किलो १० ग्रॅम याप्रमाणे ट्रायकोडर्माची भुकटी मिसळावी. माध्यम मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण बोटांमधून पाणी टपकू नये, इतकाच ओलावा ठेवावा.

रंगीत लेप दिलेल्या संकरित बियाण्यास पुन्हा प्रक्रिया करण्याची गरज नसते. साध्या बियाण्यास प्रति किलो ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळावे.

प्रत्येक कप्प्यात मध्यभागी अर्धा ते एक सें.मी. खोल खळगा करून एकच बी टाकावे व कोकोपीटने झाकावे. बी खोल पडल्यास उगवण लांबते व एकसारखी होत नाही.

उगवणीसाठी घरातील ऊब

टोमॅटोचे बी २० ते २५ अंश व मिरचीचे बी २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमानाला चांगले उगवते. उगवण होईपर्यंत बियाण्यास उजेडाची गरज नसते, फक्त ऊब व ओलावा हवा असतो. म्हणून पेरलेले ट्रे घरातील बंद खोलीत दहा-दहा एकावर एक रचावेत. सर्वांत वर एक रिकामा ट्रे ठेवून संपूर्ण थप्पी प्लॅस्टिकच्या कागदाने गुंडाळावी. मिरचीच्या थप्पीवर रात्री गोणपाट किंवा जुनी गोधडी टाकावी. खोली फारच थंड असेल तर ६० वॅटचा पिवळा बल्ब लावावा, मात्र तो प्लॅस्टिक व गोणपाटापासून दूर टांगावा. थप्पी चुलीला चिकटून ठेवू नये. ३५ अंशांपेक्षा जास्त उष्णतेने कोंब मरतात. खोलीत साधा तापमापक टांगल्यास अंदाज चुकत नाही.

टोमॅटोच्या ट्रेची तिसऱ्या दिवसापासून व मिरचीच्या ट्रेची सहाव्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ पाहणी करावी. चार-दोन कप्प्यांत कोंबाची कमान वर आलेली दिसली की त्याच दिवशी थप्पी मोडून ट्रे उजेडात मांडावेत. सगळे बी उगवेपर्यंत वाट पाहू नये. अंधारात दोन दिवस जादा राहिलेले रोप पांढरट व लांबट होते आणि पुढे कितीही निगा राखली तरी त्याचे खोड जाड होत नाही.

शेडनेट म्हणजे कीडरोधक जाळी नव्हे

हिरवी शेडनेट बांधली म्हणजे रोपवाटिका सुरक्षित झाली, असा अनेकांचा समज असतो. शेडनेट फक्त ऊन अडवते. पांढरी माशी, फुलकिडे व मावा तिच्यातून सहज आत जातात. त्याउलट थंडीत रोपांना उन्हाची गरज असताना शेडनेटमुळे उजेड कमी पडतो व रोपे उंच, लुसलुशीत वाढतात.

रोपांवर ४० ते ५० मेशची पांढरी नायलॉन जाळी लावावी. ४० मेश म्हणजे एका इंचात ४० छिद्रे. ६२ ट्रेसाठी चालण्याच्या वाटेसह ३ × ५ मीटरचा बांबूचा मांडव पुरेसा होतो. जाळीच्या कडा मातीत चांगल्या दाबाव्यात व दाराशी दुहेरी पडदा लावावा. दिवसभर दार उघडे राहिल्यास जाळीचा खर्च वाया गेला असे समजावे. ट्रे जमिनीवर न ठेवता बांबूच्या मंचावर किंवा विटांवर ठेवावेत. मांडव जुन्या टोमॅटो, मिरची, वांगी, भेंडी यांच्या प्लॉटजवळ करू नये.

रात्रीच्या थंडीसाठी ट्रेवर बांबूच्या कमानी करून सायंकाळी पारदर्शक प्लॅस्टिक झाकावे. सकाळी ऊन आल्यावर ते न विसरता काढावे. दुपारपर्यंत झाकून राहिल्यास आत वाफ कोंडून रोपे होरपळतात.

पाणी व खत

थंडीत रोपे पाण्याअभावी फारशी मरत नाहीत, जादा पाण्याने मात्र मरतात. पाणी सकाळी, बारीक छिद्रांच्या झारीने द्यावे. संध्याकाळी पाणी दिल्यास रोपे रात्रभर ओली राहतात. कोकोपीट वरून फिके दिसू लागल्यावर बोटाने ओल पाहावी व मगच पाणी द्यावे. ट्रेच्या कडेचे कप्पे लवकर सुकतात, त्यांना वेगळे पाणी द्यावे.

पहिली दोन खरी पाने आल्यावर १९:१९:१९ हे विद्राव्य खत प्रति लिटर पाण्यात २ ते ३ ग्रॅम या प्रमाणात द्यावे व आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा द्यावे. रोपे लवकर वाढावीत म्हणून युरिया देऊ नये. अशी रोपे हिरवीगार दिसतात, पण शेतात तग धरत नाहीत.

रोपे कोलमडणे

पिथियम, रायझोक्टोनिया यांसारख्या बुरशींमुळे हा रोग होतो. खोड जमिनीलगत पाणथळ होऊन बारीक पडते व रोप आडवे होते. एका कोपऱ्यात सुरू झालेला रोग दोन-तीन दिवसांत संपूर्ण ट्रेमध्ये पसरतो. रोगट कप्पे माध्यमासह काढून मांडवाबाहेर पुरावेत, पाणी कमी करावे व हवा खेळती ठेवावी. त्यानंतर कॉपर ऑक्सिक्लोराईड २५ ग्रॅम प्रति १० लिटर पाणी या प्रमाणात रोपांच्या बुडाशी ओतावे. ताम्रयुक्त औषधाने ट्रायकोडर्माचीही हानी होते, म्हणून आठवड्यानंतर ट्रायकोडर्मा पुन्हा द्यावे.

रस शोषणाऱ्या किडी व विषाणू रोग

टोमॅटोवरील बोकड्या हा विषाणू रोग पांढऱ्या माशीमुळे पसरतो. मिरचीवरील चुरडा-मुरडा मात्र तीन कारणांनी दिसतो. पाने वरच्या बाजूला वळली असतील तर फुलकिडे, खालच्या बाजूला वळून लांबट झाली असतील तर कोळी, आणि पाने लहान राहून शिरा जाड व झाड खुजे झाले असेल तर पांढऱ्या माशीमार्फत आलेला विषाणू असण्याची शक्यता असते. कारण न ओळखता फवारणी केल्यास पैसे वाया जातात.

२०२० च्या उन्हाळ्यात राज्यातील अनेक टोमॅटो उत्पादकांच्या फळांना एकसारखा रंग आला नाही व मोठे नुकसान झाले. त्यावेळच्या तपासणीत काकडीवरील मोझॅक विषाणू आढळला. हा विषाणू मावा किडीमार्फत पसरतो. त्यामुळे रोपवाटिकेत मावादेखील येऊ देता कामा नये.

मांडवात पिवळे व निळे चिकट सापळे लावावेत. सापळ्यावर कीड दिसताच जाळी कोठे फाटली आहे ते पाहावे व ५ टक्के निंबोळी अर्काची फवारणी करावी. रासायनिक औषध वापरायचेच झाल्यास त्या पिकासाठी व त्या किडीसाठी लेबलवर शिफारस आहे याची खात्री करावी. जुन्या पुस्तिकांत वाफ्यात फोरेट टाकण्याची शिफारस आढळते. फोरेटवर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी असल्याने ते वापरू नये.

आणखी एक गोष्ट. तंबाखूवरील मोझॅक गटातील विषाणू हाताच्या स्पर्शानेही पसरतात व टोमॅटो आणि मिरची दोन्हींवर येतात. तंबाखू मळलेल्या हाताने रोपे हाताळू नयेत. मांडवात जाण्यापूर्वी साबणाने हात धुण्याची सवय घरातील सर्वांनी लावून घ्यावी.

रोपे कणखर करणे व लागवड

लागवडीपूर्वी पाच-सहा दिवस पाणी थोडे कमी करावे, खत बंद करावे व रात्रीचे प्लॅस्टिक झाकू नये. मात्र याच काळात जाळी काढू नये. लागवडीच्या आदल्या दिवशी ट्रेला भरपूर पाणी द्यावे, म्हणजे माध्यमाचा गोळा न फुटता रोप निघते.

टोमॅटोचे रोप १२ ते १५ सें.मी. उंच, ४ ते ५ पानांचे व मिरचीचे रोप १५ सें.मी. उंच, ६ ते ८ पानांचे असावे. फूल आलेले किंवा मुळे पिवळी पडून गुंडाळी झालेले रोप लावू नये. टोमॅटोच्या खोडाला मातीत मुळे फुटतात, म्हणून ते थोडे खोल लावले तरी चालते. मिरची मात्र ट्रेमध्ये होती तितक्याच खोलीवर लावावी. लागवड दुपारी चारनंतर करून लगेच पाणी द्यावे. प्लॉटभोवती मक्याच्या दोन ओळी आधीच पेरल्यास उडत येणाऱ्या किडींना काहीसा अडथळा होतो.

रोपे विकत घ्यायची असल्यास परवानाधारक रोपवाटिकेतूनच पावतीसह घ्यावीत. रोपे घेण्यापूर्वी पानाची खालची बाजू पाहावी व ट्रे हलवून पाहावा. माशी उडाली तर रोपे स्वस्त मिळाली तरी घेऊ नयेत.

परसबागेसाठी

घरापुरती दहा-वीस झाडे लावायची असली तरी पद्धत हीच आहे. दुधाच्या रिकाम्या पिशव्या किंवा कागदी पेले तळाला भोके पाडून वापरावेत. चाळलेली माती, कुजलेले शेणखत व वाळू समप्रमाणात घ्यावी. बी उगवेपर्यंत पेले स्वयंपाकघरात झाकून ठेवावेत व उगवताच पूर्वेकडील ओसरीत उन्हात ठेवून वर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा दुहेरी टाकावा.

थोडक्यात महत्त्वाचे

१) मिरचीचे बी टोमॅटोच्या दोन आठवडे आधी टाकावे.
२) उगवेपर्यंत ऊब द्यावी. पहिला कोंब दिसताच ट्रे उजेडात आणावेत.
३) शेडनेटवर विसंबू नये. ४० ते ५० मेशची जाळी लावावी व दार बंद ठेवावे.
४) पाणी सकाळीच व ओल पाहून द्यावे.
५) तंबाखूच्या हाताने रोपे हाताळू नयेत.
६) संशयास्पद रोप शेतात लावू नये. एक रोगट रोप वाचवण्याच्या नादात संपूर्ण प्लॉट गमावण्याची वेळ येते.

वरीलप्रमाणे काळजी घेतल्यास आपल्या बियाण्याचा पैसा न पैसा कारणी लागेल आणि हंगामाची सुरुवात निरोगी, एकसारख्या रोपांनी होईल.