खुबा मोडणं आणि खुबा बदलणं

मिरज,
१२ जानेवारी

चि. अनघा,

काल फोनवर आई शेजारच्या खोलीत होती म्हणून तू आवाज खाली आणून विचारलंस, "मावशी, खुब्याच्या ऑपरेशनमध्ये माणूस दगावतो का गं?" मी लिहून कळवते म्हटलं. हे उत्तर घाईत दिलं की घरची माणसं त्यातलं अर्धंच ऐकतात, हे मी हाडांच्या वॉर्डात तीस वर्षं पाहिलंय.

दगावतो. क्वचित, पण दगावतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये सांधेबदलाच्या शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंद ठेवतात. झिजेमुळे पहिल्यांदाच खुबा बदललेल्या चार लाखांवर शस्त्रक्रियांचा हिशेब २०१३ साली 'लॅन्सेट'मध्ये आला होता. शस्त्रक्रियेनंतर नव्वद दिवसांत गेलेले २००३ साली हजारात पाच-सहा होते, ते २०११ पर्यंत तीनवर आले. हे तिकडचे आकडे. आपल्या डॉक्टरांना मोकळेपणाने विचार, वर्षाला किती खुबे बदलता, आणि आईच्या वयाचे, बीपी-साखर असलेले रुग्ण कसे निघतात. चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही.

पण आईच्या मनातली भीती या आकड्यांतून आलेली नाही. १९७४ च्या पावसाळ्यात तुझी पणजी मोरीत घसरली आणि तिचा खुबा मोडला. मी तेव्हा नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला, आणि तुझी आई, सुमन, कॉलेजात. पायाला वजन बांधून तिला माजघरात निजवून ठेवलं. पाठीला जखमा झाल्या, मग छातीत कफ साठला आणि पाचव्या आठवड्यात ती गेली. "खुबा मोडला की माणूस उठत नाही" हे वाक्य सुमनने त्या महिन्यात किती जणांच्या तोंडून ऐकलं असेल!

ते वाक्य मोडलेल्या खुब्याचं आहे. पडून खुबा मोडतो तो बहुधा आधीच थकलेल्या माणसाचा, आणि तयारीला वेळ मिळत नाही. तिथे आजही, उत्तम सोयी असलेल्या ब्रिटनमध्येसुद्धा, महिन्याभरात शंभरातले सहा-सात जातात आणि वर्षाच्या आत चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त. त्या रुग्णाला त्याच किंवा दुसऱ्या दिवशी टेबलावर घ्यायचं असतं, कारण अंथरुणात गेलेला प्रत्येक दिवस त्याला खाली ओढतो. सुमनचा खुबा झिजलाय. तिला सहा आठवडे थांबता येतं. तिच्या बाजूची सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे.

आता एक गोष्ट नीट समजून घे. हजारातले ते तीन इतके कमी आहेत, कारण टेबलावर घेण्याआधी माणसं पारखली जातात. हृदयाची तपासणी, तीन महिन्यांची साखर, रक्तातलं हिमोग्लोबिन, लघवीतला जंतुसंसर्ग. यातल्या एखाद्या कारणाने भूलतज्ज्ञांनी तारीख पुढे ढकलली तर "माझी रजा वाया गेली" म्हणून त्यांच्याशी वाद घालू नकोस. दुसरा खुबाही थोडा दुखतो म्हणून तुझे काका "दोन्ही एकदमच उरकून घ्या" म्हणताहेत ना? एकाच वेळी दोन म्हणजे रक्त जास्त जाणार, हृदयावर ताण जास्त. रजेच्या सोयीने हे ठरवायचं नसतं.

आणि भूलतज्ज्ञांसमोर काही लपवू नका. सुमन सकाळी मिश्री लावते हे तू सांगायला लाजशील. मिश्री म्हणजे तंबाखूच, सांग. त्याहून महत्त्वाची ती गुडघे-कंबरेसाठी आणलेली बिनलेबलची पूड. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. ते महिनोन्‌महिने पोटात गेलं की शरीर स्वतःचं तयार करणं थांबवतं, आणि ऑपरेशनच्या ताणात रक्तदाब असा कोसळतो की डॉक्टरांना कारणच उमगत नाही. ती पूड मनाने एकदम बंदही करू नका. पिशवीत घालून घेऊन जा, दाखवा.

ऑपरेशनच्या टेबलावर माणूस जाण्याचे प्रसंग फार थोडे. जातो तो पुढच्या दिवसांत, आणि बहुतेक वेळा नव्या सांध्यामुळे नाही. हृदयविकाराचा झटका, न्यूमोनिया, पक्षाघात, किंवा पायाच्या शिरेत धरलेली गुठळी सुटून फुप्फुसात जाणं. गुठळीचा धोका टाके निघाल्यावरही काही आठवडे राहतो. म्हणून रक्त पातळ करणारं औषध घरी आल्यावरही पुष्कळदा महिनाभर देतात. माझ्या वॉर्डातून एक मास्तर हसत घरी गेले होते. हातापायावर काळेनिळे डाग दिसले म्हणून घरच्यांनी ती गोळी परस्पर बंद केली. तेराव्या दिवशी संडासला उठले आणि दारातच कोसळले. त्यांच्या पत्नी नंतर मला भेटायला आल्या होत्या. गोळी नक्की कशासाठी आहे, हे मी त्यांना एका वाक्यात सांगितलं असतं तर, हे मी अजून विसरलेले नाही. म्हणून तुला सांगते. डाग दिसले, रक्त आलं तर डॉक्टरांना फोन कर, पण गोळी मनाने थांबवू नकोस.

एका पोटरीला सूज, ताठरपणा आला तर तेल लावून चोळायचं नाही, कोणी कितीही मायेने सांगितलं तरी. थेट दवाखान्यात न्यायचं. अचानक धाप लागली, छातीत कळ आली, खोकल्यात रक्त दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही. ती असंबद्ध बोलू लागली, तर "वयामुळे" म्हणून सोडून देऊ नकोस.

ऑपरेशनच्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तिला उभं करतील. ती कण्हेल, तुझा जीव कळवळेल. "आज राहू दे" असं तू म्हणू नकोस. पणजीला आम्ही मायेनेच निजवून ठेवलं होतं.

राहिलं तिला सांगायचं की नाही. सांग. संमतिपत्रावर सही तिची असणार आहे, तुझी नाही. तिने तेहतीस वर्षं मुलांना गणित शिकवलंय. हजारातले तीन म्हणजे किती ते तिला आपल्यापेक्षा चांगलं कळतं. दार लोटून कुजबुजलीस तर ती हजारातले तीनशे धरून चालेल. हे पत्र तिलाच वाचायला दे, पणजीच्या मजकुरासकट.

मी ऑपरेशनच्या आधी चार दिवस येते. तोवर न्हाणीघरात धरायला दांडी बसवून घे, उंच कमोडचं बघ, आणि दारातली ती घसरती पायपुसणी काढून टाक. औषधांची पिशवी मात्र मी येईपर्यंत आवरू नकोस, जुन्या पुड्यांसह तशीच ठेव.

तुझी,
मावशी