डावीकडे बघू नका

सी शिकून पंचवीसेक वर्षं झाली. लोक पॉइंटरच्या नावाने खडे फोडतात. मला जास्त छळलं ते एक्स्प्रेशनच्या टाइपने.

१. बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे बघून टाइप ठरवू नका. लॅबमध्ये टर्बो सी होतं. प्लॉटची लांबी २००, रुंदी २००, दोन्ही इंट. क्षेत्रफळासाठी मी हुशारीने लाँग घेतला. स्क्रीनवर आलं -२५५३६! मॅडम म्हणाल्या, "अरे, गुणाकार झाला तेव्हा तुझा लाँग होता कुठे?" टर्बोचा इंट १६ बिटांचा, ३२७६७ च्या वर जात नाही, आणि इंट गुणिले इंट म्हणजे इंटच. लाँगमध्ये पोचलं ते आधीच नासलेलं उत्तर. लांबीला लाँगचा कास्ट दिला, ४०००० आले.

२. साइन्ड आणि अनसाइन्ड एका पंगतीला बसवू नका. नोकरीत शीतगृहाचा कंट्रोलर लिहिला. रात्री दोनला फोन: द्राक्षांच्या खोलीत 'तापमान जास्त'चा भोंगा वाजतोय, आणि काटा उणे एकवर! तापमान इंट होतं, मर्यादा अनसाइन्ड ४. अशा तुलनेत सी इंटलाच अनसाइन्ड करून टाकतं. ३२ बिटांत -१ चे होतात ४२९४९६७२९५. भोंगा वाजणारच. कंपायलरच्या एका पर्यायाने याची वॉर्निंग मिळते, पण तो पर्याय आम्ही कधी लावलाच नव्हता.

३. सीमध्ये एकेरी अवतरणातला 'a' हा इंट असतो, कॅर नव्हे. सी प्लस प्लसमध्ये मात्र कॅर. मुलाखतीत विचारतात, बाकी फारसं अडत नाही.

४. टर्नरीत एकीकडे १ आणि दुसरीकडे २.० असेल, तर १ निवडला गेला तरी टाइप डबलच. %d ने छापाल तर काहीही दिसेल.

५. अंदाज बांधत बसण्यापेक्षा कंपायलरला विचारा. मी ते एक्स्प्रेशन मुद्दाम एखाद्या स्ट्रक्टच्या व्हेरिएबलला असाइन करतो. जीसीसी चिडतो आणि चिडता चिडता खरा टाइप सांगून टाकतो. सभ्य मार्ग हवा तर सी११ पासून _जेनेरिक आहे. साइजऑफवर विसंबू नका. ते नुसते बाइट मोजतं, आणि आजच्या बहुतेक मशिनवर इंटही चार, फ्लोटही चार. शिवाय त्याच्या कंसात i++ लिहून i वाढायची वाट बघू नका. तो वाढत नाही.