चवथीची रंगरंगोटी आणि घरातलं लहान मूल



चवथ जवळ आली की घराघरांत एकच लगबग सुरू होते. पावसाने आणि खाऱ्या हवेने पोपडे धरलेला दारा-खिडक्यांचा रंग घासायचा आणि नवा हात मारायचा. आपण घासत असतो आणि तिथेच पडवीत बाळ रांगत असतं. आजचा पाठ त्या धुळीबद्दल आहे.

रंगात शिसं कुठून आलं?

शिसं म्हटलं की आपल्याला जाळ्याच्या गोळ्या आठवतात. रंग उठून दिसावा, लवकर सुकावा, टिकावा म्हणून तेच शिसं ऑईल पेंटमध्येही घालत. पिवळ्या, लाल, हिरव्या रंगांत ते जास्त आढळतं. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त नको, असा नियम आपल्या देशात 2016 साली झाला आणि नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधी रंगवलेल्या दारा-खिडक्यांच्या खालच्या थरांत शिसं असू शकतं.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये डॉ. लॉकहार्ट गिब्सन यांनी 1904 सालीच हे लिहून ठेवलं होतं. व्हरांड्याच्या रंगवलेल्या कठड्यांना मुलं हात लावायची, तीच बोटं तोंडात घालायची आणि आजारी पडायची. आपली पडवी काही वेगळी नाही.

मुलांनाच जास्त धोका का?

मूल जमिनीवर खेळतं आणि हाती येईल ते तोंडात घालतं. पोटात गेलेलं शिसं मोठ्या माणसापेक्षा लहान मुलाच्या अंगात चार-पाच पट जास्त भिनतं. त्याचा मेंदूवर परिणाम होतो. शिकणं, लक्ष देणं कमी पडतं, आणि झालेलं नुकसान सहसा भरून निघत नाही. गरोदर बाईच्या रक्तातून ते पोटातल्या बाळापर्यंत पोचतं. बरेचदा बाहेरून काहीच दिसत नाही. कधी पोट दुखतं, शौचाला कडक होते, भूक मंदावते, मूल चिडचिडं होतं. आपण म्हणतो, "हट्टी झालाय." शंका आली तर डॉक्टरांना जुन्या रंगाबद्दल सांगा. नक्की काय ते रक्ततपासणीतच कळतं.

काय करायचं?

1. जुना रंग घट्ट असेल तर घासू नका. फडक्याने पुसून त्यावरच नवा रंग द्या.
2. पोपडे निघत असतील तर आधी पाणी मारा आणि ओल्यानेच खरवडा. कोरडा पॉलिश पेपर नको. जाळ लावून रंग काढणं तर मुळीच नको.
3. खाली प्लास्टिक अंथरा. काम पुरं होऊन साफसफाई होईपर्यंत मुलं आणि गरोदर बाई दुसऱ्या घरी राहू देत.
4. केर झाडूने काढू नका, ओल्या फडक्याने पुसा. पोपडे पिशवीत बांधून टाका. खळ्यात, परसबागेत, विहिरीजवळ नको.
5. रंगाचा डबा घेताना "शिसेविरहित" लिहिलंय का ते बघा.
6. जेवणाआधी मुलांचे हात साबणाने धुवा. नाचणी, पालेभाजी, काट्यासकट खायची बारीक मासळी द्या. कॅल्शियम आणि लोह कमी असेल तर शिसं जास्त भिनतं.

आणि हो, गोळ्यांसाठी शिसं वितळवायचं असेल तर चुलीवर नको, स्वयंपाकाच्या भांड्यात तर नकोच.

भाड्याची खोली असेल तर?

भाडेकरू बाई म्हणते, "घर आमचं नाही, बोलणार कसं?" बोला. "रंग काढताना ओला करून काढा, मुलं लहान आहेत," एवढंच सांगायचं आहे. तोवर खिडकीची चौकट रोज ओल्या फडक्याने पुसा आणि बाळाचं अंथरूण तिथून दूर घाला.

आपल्यातल्या काही जणी स्वतः घरमालकीण आहेत. जुनी खोली कामगार कुटुंबाला देतात. ताई, भाडं घेतो तर त्या खोलीत रांगणाऱ्या पोराची काळजीही आपलीच. खर्च अडत असेल तर गटातून कर्जाचा विचार करा.

या महिन्याच्या बैठकीत बोला

* आपल्या वाडीत 2017 च्या आधी रंगवलेल्या खोल्या किती? त्यांत सहा वर्षांखालची मुलं किती?
* अंगणवाडीची दारं-खिडक्या कधी रंगवल्या?
* यंदा चवथीआधी कोणाकडे रंगकाम आहे? त्या दिवशी तिची मुलं कोण सांभाळणार?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नावासकट इतिवृत्तात लिहा.