व्यसनी घरातील मुलाची संध्याकाळ

बाप दारू पितो तेव्हा आपण त्या बापाविषयी पुष्कळ बोलतो, त्याच्या बायकोची कीवही करतो. परंतु त्या घरातील चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. आईवर हात उगारला गेला म्हणजे मध्ये उभा राहतो तो हाच. धाकट्यांस निजवितो आणि दुकानदाराची उधारीची बोलणी ऐकून घेतो तोही हाच. पुष्कळदा त्यास मनोमन वाटते की, आपण अधिक शहाण्यासारखे वागलो असतो तर बाप प्याला नसता. ही समजूत खोटी आहे, व ती खोटी आहे असे त्यास कोणी वडीलधाऱ्याने उघड सांगितले पाहिजे. बापाचे व्यसन मुलाने लाविलेले नाही. ते सोडविणे हेही मुलाचे काम नव्हे. अमेरिकेत १९५७ साली अशा घरांतील मुलांसाठी ‘अलाटीन’ ही मंडळे निघाली, त्यांत मुले हेच एकमेकांपासून शिकतात.

शिरपूर जैन, मालेगाव ह्या बाजूचे एखादे कुटुंब पोटासाठी नागपुरास जाते तेव्हा हे दुःखही त्याबरोबर जाते. गावी निदान चुलता असतो, मामा असतो, पारावरची म्हातारी माणसे असतात. शहरात खोलीतून पळालेल्या मुलास कोपऱ्यावरचा टोळीवाला भेटतो. तो विचारपूस करितो, चहा पाजितो, आणि काही दिवसांनी एक पुडी पोहोचवावयास देतो. (त्या चहाचा आम्हांस फार राग येतो, कारण तो पाजण्यास पैसे थोडेच लागतात.)

त्याच नागपुरात, स्कॉटिश मिशनऱ्यांनी स्थापिलेल्या हिस्लॉप कॉलेजात विजय बारसे हे क्रीडाशिक्षक होते. २००१ साली भर पावसात झोपडपट्टीतील काही मुले मोडकी बादली लाथेने उडवीत खेळताना त्यांनी पाहिली, आणि त्यांस चेंडू दिला. मुले जितका वेळ खेळतात तितका वेळ वाईट नादापासून दूर राहतात, हे त्यांच्या ध्यानात आले. मग झोपडपट्टी फुटबॉलचे सामने सुरू झाले. त्यांतून निघालेली मुले पुढे बेघरांच्या विश्वचषकासाठी परदेशीही गेली. २०२२ चा ‘झुंड’ हा चित्रपट ह्याच कार्यावरून निघाला. चेंडूने बापाची दारू सुटते असे आम्ही म्हणत नाही. मुलाची संध्याकाळ मात्र भरते, आणि टोळीवाला नेमकी तीच रिकामी वेळ हेरीत असतो.

पुडी पोहोचविताना मूल धरले गेले तर घरच्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या ७८ व्या कलमाप्रमाणे अठरा वर्षांखालील मुलाकडून दारू किंवा अमली पदार्थ विकविणारा व वाहविणारा मनुष्य सात वर्षांपर्यंतच्या सक्तमजुरीस पात्र आहे. तेव्हा पुडी कोणी दिली ते लपवू नये. बापासाठी उपचार निराळे आहेत. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून ते काम करीत आहे.

ज्या गावी मैदान नाही तेथे शाळेचे पटांगण असते. सायंकाळी त्याच्या फाटकाची किल्ली कोणाजवळ राहते, एवढे ह्या आठवड्यात विचारून ठेवावे.