मार्बल आयलंडचं काम घेताय? स्क्वेअर फुटाचा भाव सांगण्याआधी हे वाचा



व्हिडिओत तुम्ही पाहिलंत, आमचा कारागीर पांढऱ्या स्लॅबला मिटर कट मारतोय आणि शेजारी उभी राहून मी काहीतरी ओरडून सांगतेय. कटरच्या आवाजात हिशेब काही तुमच्यापर्यंत पोहोचला नसणार. म्हणून तो इथे लिहिते. माझ्या पहिल्या आयलंडवर याच हिशेबाने मला २४,७०० रुपयांना खड्ड्यात घातलं होतं.

ज्यांना शब्द नवा आहे त्यांच्यासाठी एवढंच: आपला नेहमीचा ओटा भिंतीला चिकटलेला असतो, आयलंड हा स्वयंपाकघराच्या मधोमध, चारही बाजूंनी मोकळा असलेला ओटा. नवीन बंगल्यांत आणि मोठ्या फ्लॅटमध्ये लोक तो मागतात, आणि मागताना मोबाईलवर फोटो दाखवतात. फोटोत बहुतेक वेळा पांढराशुभ्र मार्बल, त्यावर विजेसारख्या करड्या शिरा, आणि दगड वरून थेट जमिनीपर्यंत उतरलेला. या उतरण्याला 'वॉटरफॉल' म्हणतात. पाहुणा आत आला की त्याची नजर तिथेच जायला हवी, असं ग्राहकाला वाटतं. म्हणजे तो पैसे देतो ते त्या शिरांचे. आणि आपण भाव सांगतो स्क्वेअर फुटाचा. घोळ इथेच होतो.

माझा पहिला हिशेब

बीबीए करून मी बाबांच्या दुकानात बसले. कडप्पा, कोटा, ग्रॅनाइट, थोडा मार्बल. ओट्याचं काम आम्ही वर्षानुवर्षं एकाच पद्धतीने करायचो: लांबी गुणिले रुंदी, वर १० टक्के वेस्टेज, गुणिले भाव. आयलंडची ऑर्डर आली तेव्हा मी तेच केलं.

वरचा भाग ७ फूट बाय ३ फूट, म्हणजे २१ स्क्वेअर फूट. दोन्ही बाजूंचे वॉटरफॉल प्रत्येकी ३ फूट रुंद आणि ३४ इंच उंच, म्हणजे साडेआठ आणि साडेआठ, १७. एकूण ३८. वेस्टेज धरून ४२. दगडाचा भाव ६०० रुपये, म्हणजे २५,२०० रुपये. मजुरी १८,०००. वाहतूक आणि सीलर ४,०००. झाले ४७,२००. मी कोटेशन दिलं ६०,००० चं आणि मनात १२,८०० रुपये नफा लिहून मोकळी झाले. (सगळे आकडे जीएसटी सोडून. मार्बलच्या स्लॅबवर १८ टक्के आहे, तो कोटेशनमध्ये वेगळा दाखवा, नाहीतर ग्राहक शेवटी "धरून सांगितलं होतं ना?" म्हणतो.)

गोदामात जी स्लॅब पसंत केली ती साडेनऊ फूट बाय साडेपाच फूट होती. म्हणजे ५२ स्क्वेअर फुटांच्या थोडी वर. मला हवे होते ४२. मी खूश, १० फूट उरणार!

आता एक जाड कागद घ्या, जुनी लग्नपत्रिका चालेल. १ फुटाला १ इंच धरून साडेनऊ बाय साडेपाच इंचाचा तुकडा कापा. ही झाली स्लॅब. तिच्यावर ७ बाय ३ चा वरचा भाग आखा. काय उरलं? एका बाजूला अडीच इंच रुंदीचा उभा भाग आणि खाली अडीच इंच रुंदीची लांब पट्टी. वॉटरफॉलचा तुकडा ३ बाय जवळजवळ २.८ चा आहे. बसवा बघू. उभा बसत नाही, आडवा बसत नाही, कोपऱ्यातही बसत नाही. जागा भरपूर उरली आहे आणि तुकडा मात्र एकही निघत नाही.

म्हणजे दुसरी स्लॅब लागणार. आणि व्यापारी अर्धी स्लॅब देत नाही, पूर्ण स्लॅबचे पैसे लावतो. दोन स्लॅब मिळून १०४.५ स्क्वेअर फूट, ६२,७०० रुपये. मजुरी आणि वाहतूक धरून खर्च गेला ८४,७०० वर. हातात कोटेशन ६०,००० चं, त्यावर माझीच सही. बाबा तेव्हा एवढंच म्हणाले, "शिंपीसुद्धा आधी कापडावर खडू मारतो, मग भाव सांगतो." कॉस्टिंगचे दोन पेपर मी चांगल्या मार्कांनी पास झाले होते, हे त्या दिवशी कोणाला सांगितलं नाही.

पैशांचं एक वेळ ठीक. पण मी दुसरी स्लॅब आणायला गेले तेव्हा शेजारची स्लॅब विकली गेली होती. एका ब्लॉकमधून निघालेल्या स्लॅब पावाच्या स्लाइससारख्या असतात, लागून असलेल्या दोघींची नक्षी जवळजवळ सारखी. मधल्या दोन-चार गेल्या की शिरा सरकतात. मी त्याच ब्लॉकमधली, पण चार नंबर पुढची आणली. बसवल्यावर काकू कोपऱ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ताई, हे दोन वेगळे दगड दिसतात की हो." बरोबर होतं त्यांचं. पैसे त्यांनी पूर्ण दिले, पण पुढचं काम त्यांच्या ओळखीतून कधी आलं नाही.

आता मी काय करते

ग्राहकाला घेऊन गोदामात जाते. स्लॅबच्या कडेवर ब्लॉक नंबर आणि स्लॅब नंबर लिहिलेला असतो. त्याचा फोटो काढते, शेजारच्या स्लॅबचाही काढते. मग स्लॅबवर खडूने तुकडे आखते, तसाच फोटो, आणि त्या फोटोच्या प्रिंटवर ग्राहकाची सही. भाव या सहीनंतर. त्याआधी कोणी "अंदाजे सांगा ना" म्हटलं तर मी स्लॅबच्या संख्येत सांगते: एक लागेल की दोन.

बऱ्याच वेळा इथेच एक चांगला सौदा निघतो. आयलंड ७ ऐवजी ६ फूट केलं आणि वॉटरफॉल एकाच बाजूला ठेवला तर? ७२ इंच अधिक ३४ इंच, १०६. स्लॅबची लांबी ११४ इंच. सगळं एकाच स्लॅबमधून, एकाच ओळीत निघतं, कडा साफ करायलाही जागा राहते, आणि वरची शीर कोपऱ्यावरून वळून थेट खाली उतरते. दुसऱ्या बाजूला सुताराचं पॅनल. दगडाचा खर्च ६२,७०० वरून ३१,३५० वर येतो, आणि दिसायला हे आयलंड माझ्या त्या पहिल्यापेक्षा कितीतरी देखणं होतं. ज्यांना दोन्ही बाजू हव्याच असतात त्यांना दोन लागोपाठच्या स्लॅब घ्यायला लावते आणि स्पष्ट सांगते की दोन्ही कोपऱ्यांत शिरा तंतोतंत जुळणार नाहीत, कारागीर त्यांचा कल बघून जुळवेल.

दगड कोणता, यावर मी फार वेळ घालवत नाही. बाजारात 'इटालियन' म्हणून बरंच काही विकलं जातं. इटलीच्या कॅराराकडचा स्टॅच्युआरिओ महाग असतो. ठळक शिरा हव्यात आणि खिसा बेताचा आहे, तर राजस्थानातल्या बिदासरचा रेनफॉरेस्ट दाखवा. झाडाच्या मुळांसारख्या तपकिरी रेषा असतात, पांढऱ्याच्या नादात लोक त्याच्याकडे बघतच नाहीत.

लिंबाची गोष्ट

हे मात्र नीट वाचा, कारण यात चूक माझ्या तोंडाची होती.

एका बंगल्याचं काम झालं, पुढच्या रविवारी वास्तुशांत. सोमवारी सकाळी फोन आला. आयलंडवर लिंबू सरबत केलं होतं, ग्लास जिथे जिथे ठेवले तिथे फिकट, निस्तेज गोल उमटले होते. पुसून जाईनात. आणि मी विकताना म्हणाले होते, "सीलर मारलाय, काही होणार नाही."

मार्बल म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. आंबट पदार्थ लागला की पॉलिशचा थर खाल्ला जातो. लिंबू, चिंच, कोकम, टोमॅटो, व्हिनेगर, आपल्या स्वयंपाकघरात रोज काय नसतं सांगा! तो डाग नसतोच, त्या जागी दगडच झिजलेला असतो, म्हणून घासून उपयोग नाही, पुन्हा पॉलिश करावं लागतं. सीलर तेल आणि हळद आत मुरायला वेळ लावतो, त्याचं काम तेवढंच. आंबटापुढे त्याचं काही चालत नाही. मी दोन वेळा फुकट पॉलिश करून दिलं आणि तिसऱ्या वेळी हात जोडले.

आता दुकानात पॉलिश केलेला एक तुकडा कायम ठेवलेला असतो. ग्राहक बसला की त्याच्यासमोर लिंबाची फोड पिळते आणि चहा सांगते. चहा होईपर्यंत पंधरा मिनिटं जातात. मग पुसून तुकडा उजेडात तिरका धरायचा. काही जण तिथेच ग्रॅनाइटकडे वळतात. वळू द्या, ग्रॅनाइटमध्येही आपलं पोट भरतं. काही जण मॅट फिनिश घेतात, त्यात हे निशाण कमी उठून दिसतं. आणि बरेच जण शेगडी-सिंकचा ओटा ग्रॅनाइटचा आणि आयलंड मार्बलचं असं करतात. हा माझ्या मते सगळ्यात शहाणा पर्याय. आयलंडवर बसून नाश्ता करायचा, पोळ्या लाटायच्या. मार्बल गार राहतो, कणकेला तो बरा.

भाव सांगण्याआधी आणखी दोन मापं

पहिलं माप खोलीचं. भिंतीचा ओटा २ फूट, मध्ये चालायला साडेतीन फूट, आयलंड ३ फूट, पलीकडे निदान ३ फूट. झाले साडेअकरा. १० फूट रुंद स्वयंपाकघरात आयलंड मागणाऱ्याला नाही म्हणा आणि भिंतीतून बाहेर आलेला छोटा ब्रेकफास्ट काउंटर सुचवा. काम छोटं होईल, पण वर्षभराने शिव्या बसणार नाहीत.

दुसरं माप जिन्याचं. १८ मिलिमीटर जाडीचा मार्बल स्क्वेअर फुटाला साधारण साडेचार किलो भरतो. ७ बाय ३ चा तुकडा म्हणजे ९५ किलो, आणि तो आडवा उचलायचा नसतो, काचेसारखा उभाच न्यायचा. लिफ्टमध्ये बसत नसेल तर चौथ्या मजल्यापर्यंत जिन्याच्या प्रत्येक वळणावर चार माणसं. ही मजुरी कोटेशनमध्ये वेगळी ओळ म्हणून लिहा. आयलंडवर हॉब असेल तर आणखी जपा. भोक पाडलं की पुढे-मागे अरुंद पट्टी उरते आणि दगड तिथेच मोडतो. वाहतुकीत मोडला तर कोणाचा, बसवल्यावर मोडला तर कोणाचा, हे आधी लिहून ठेवा. स्टुलासाठी दगड ९-१० इंच बाहेर काढायचा असेल तर खाली लोखंडी पट्टी हवी, ती सुताराच्या हिशेबात की तुमच्या, तेही.

भांडवलाबद्दल नेहमी विचारता. या कामासाठी स्लॅब भरून ठेवायची गरज नाही. स्लॅबवर सही झाली की दगडाची पूर्ण रक्कम ॲडव्हान्स घ्या, मजुरीचे अर्धे काम सुरू होताना, उरलेले बसवल्यावर. दगडाचे पैसे देताना जो खळखळ करतो तो शेवटचा हप्ता देताना काय करेल, ते मला दोनदा कळलंय.

आणि उरलेली अडीच फुटी पट्टी टाकू नका. तिच्यातून बेसिनचा काउंटर निघतो, देवघराचा पाट निघतो, खिडकीची फ्रेम निघते. हे आधीच ग्राहकाला विचारलं तर तेही पैसे त्याच बिलात येतात. मला हे उशिरा सुचलं, माझे तुकडे दीड वर्ष दुकानामागे उभे होते. त्यातल्या एकाचा शेवटी घरी पोळपाट केला. आई अजून त्याला चोवीस हजारांचा पोळपाट म्हणते.