शिवेपलीकडची हाक

जळगाव जिल्ह्याच्या उत्तरेस सातपुड्याची रांग आहे. तिच्या पायथ्याशी यावल, सावदा, रावेर ही गावे केळीच्या बागांनी हिरवीगार दिसतात. रावेरहून बऱ्हाणपूर फार दूर नाही. मात्र रावेर महाराष्ट्रात, तर बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात. शिवेच्या दोन्ही बाजूंस तशाच केळीच्या बागा. तरीही एके काळी ही शीव ओलांडताच शेतकऱ्याच्या खिशातील भ्रमणध्वनी महाग होई.

त्याही पूर्वी परगावी बोलायचे, तर ट्रंक कॉल नोंदवून तासन्‌तास वाट पाहावी लागे. 1960 साली कानपूर व लखनौ या शहरांदरम्यान ग्राहकाने स्वतः आकडे फिरवून परगावी बोलण्याची सोय भारतात प्रथम झाली. तिलाच एस.टी.डी. म्हणतात. पुढे ती देशभर पसरली. जळगावास 0257 व धुळ्यास 02562 हे क्रमांक मिळाले. जितके अंतर अधिक, तितके पैसे अधिक. यंत्रावरील आकडा भराभर पळू लागला, की मनातले अर्धे बोलणे मनातच राही.

31 जुलै 1995 रोजी कोलकाता व दिल्ली यांच्यात भारतातील पहिले भ्रमणध्वनी-संभाषण झाले. या सेवेसाठी देशाचे विभाग पाडण्यात आले. त्यांना परिमंडळे म्हणतात. मुंबई वगळून उरलेला महाराष्ट्र व गोवा यांचे एक परिमंडळ झाले. त्यामुळे रावेरचा शेतकरी शेकडो किलोमीटर दूर पणजीस गेला, तरी आपल्याच परिमंडळात राही; परंतु जवळच्या बऱ्हाणपुरास जाताच तो पाहुणा ठरे. या पाहुणेपणाच्या आकारास ‘रोमिंग’ म्हणत.

हा आकार का पडे? परक्या परिमंडळात शिरलेला फोन तेथील मनोऱ्यास आपली ओळख देतो. तो मनोरा ज्या केंद्राशी जोडलेला असतो, ते केंद्र मूळ परिमंडळास कळवते, ‘तुमचा ग्राहक येथे आहे.’ मग घरून आलेली हाक आधी मूळ परिमंडळात जाई व तेथून पुढे पाठवली जाई. या पुढच्या टप्प्याचे पैसे फोन घेणाऱ्यास द्यावे लागत.

म्हणून बऱ्हाणपुरी गेलेला शेतकरी घरचा फोन वाजला, तरी तो उचलीत नसे. घरच्यांनी खुणा ठरवलेल्या असत : एकदा घंटा वाजली, की गाडी पोचली, दोनदा वाजली, की परत निघालो. पण केळीचा उतरलेला भाव घंटेतून कळत नसे. वादळाने बाग आडवी झाल्याची वार्ता किंवा आजारी आईचा निरोपही कळत नसे.

हे ओझे हळूहळू उतरले. 2003 साली आपल्या परिमंडळात आलेला फोन घेणे विनामूल्य झाले. 1 मार्च 2006 पासून भारत संचार निगमने देशात कोठेही मिनिटास एक रुपया दराने बोलण्याची योजना आणली. 15 जून 2015 पासून त्याच निगमने रोमिंगमध्ये आलेल्या फोनचा आकार बंद केला. पुढे स्पर्धा वाढली व इतर कंपन्यांनीही देशांतर्गत रोमिंगचा आकार सोडला. परदेशी गेल्यावर मात्र तो आजही पडू शकतो.

रावेर व बऱ्हाणपूर यांमधील शीव होती तेथेच आहे. पण आता घरची घंटा वाजताच शेतकरी फोन कानास लावतो आणि घरचे सुखदुःख सावकाश ऐकून घेतो.

स्वाध्याय
1. पणजीस न पडणारा आकार बऱ्हाणपुरास का पडे?
2. घंटेच्या खुणांनी कोणत्या गोष्टी कळत नसत?
3. ‘मनातले बोलणे मनातच राहणे’ याचा वाक्यात उपयोग करा.